दोन बोटांची जागा

तिने पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू केली, मनगटावरून वर नेली आणि कोपराच्या थोडी अलीकडे संपवली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा. कुठे चुणी नाही, गाठ नाही. टोक आत खोचून तिने उजव्या हातावर किकबॉक्सिंगचा ग्लोव्ह चढवायला घेतला. तो चढेना.

"अहो मास्तर," हेडबाई दोरीवरच्या उड्या न थांबवता म्हणाल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि इथेही त्यांचं लक्ष सगळ्या वर्गावर असायचं. "दातवालीचा हात बघा जरा. काल ग्लोव्ह दातांनी ओढून काढत होती."

"स्वतःच्या की गिऱ्हाइकाच्या?" मास्तरांनी विचारलं.

ती कवळ्या बनवायची. दात आम्ही पाडायचे, तू बसवायचे, असं मास्तर तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. आज ते हसले नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"दाखव."

"काही नाही, मास्तर. झोपेत अंगाखाली आला."

"आण इकडे."

हात पुढे करायला तिने जरा वेळ लावला. मागच्याच आठवड्यात क्लासला येणाऱ्या एका ड्रायव्हरचं मनगट दुखावलं, तेव्हा मास्तरांनी त्याला दाराबाहेर काढलं होतं. बरा होईपर्यंत तोंड दाखवू नकोस. तिला हा तास हवा होता. सकाळी सहा ते सात. बाकीचा दिवस कसाबसा निभत होता. हा एवढा तास घरात निभत नव्हता.

मास्तरांनी पट्टी सोडली नाही. तिच्याखाली एक बोट सरकवलं, मग दुसरं. दोन्ही सहज गेली.

"इतकी सैल?"

"दोन बोटं गेली पाहिजेत."

"कोण म्हणालं?"

"नर्स."

मास्तरांनी बोटं पट्टीखालून काढली नाहीत, म्हणून तिला पुढे बोलावं लागलं.

"बाबांच्या पायांना सूज असायची. सकाळी ते पाय खाली सोडायच्या आत बांधायची. चार वर्षं बांधली, ते होते तोवर. घट्ट झाली की कातडी फाटायची." गिऱ्हाइकाच्या जबड्याचं माप सांगावं तशी ती सांगत होती. "ते कधी बोलायचे नाहीत. दुखतं का विचारलं की नाही म्हणायचे. पायाची बोटं तेवढी आत वळायची. ती वळली की मी सैल करायचे."

"किती वाजता बांधायचीस?"

"सहाला."

मास्तरांनी मान हलवली. पट्टी बांधायला शिकवू का, असं त्यांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं होतं. मला येते, ती म्हणाली होती, आणि इतक्या सफाईने बांधून दाखवली होती की त्यांनी पुन्हा पाहिलं नव्हतं.

"ही सुजेची पट्टी आहे, बाई. ही बांधून आडवं पडायचं असतं. आमची पट्टी मूठ आवळून धरते, ही नुसती अंगावर बसते. ही बांधून तू तीन आठवडे बॅगेवर ठोसे मारतेयस." मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "आणि मी तीन आठवडे बघतोय."

त्यांनी पट्टी सोडली. मधल्या बोटाच्या मुळाशी जो उंचवटा दिसायला हवा, तो सुजेत बुडाला होता. एक जुना पिवळा डाग, त्यावर एक नवा जांभळा. मास्तरांनी कडेला अंगठा ठेवून दाबलं.

"इथे?"

"नाही."

अंगठा सरकला. "इथे?"

"नाही दुखत."

तिचा आवाज सरळ होता, चेहराही. पण मास्तर चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते खाली बघत होते. तिनेही पाहिलं. मॅटवर तिची अनवाणी पावलं होती, आणि दहाही बोटं आत वळलेली होती.

ती सरळ करायला तिला थोडा वेळ लागला.

"दुखतंय," ती म्हणाली.

हेडबाईंची दोरी थांबली.

"आज हाडांच्या डॉक्टरकडे जायचं," मास्तर म्हणाले. "एक्स-रे काढायचा. तो म्हणेल तितके दिवस ठोसा नाही."

"मग सकाळी मी..."

"सकाळी यायचं. सहालाच. पायांना काय धाड भरलीय? लाथा मार."

त्यांनी सुटलेली पट्टी मांडीवर गुंडाळून घेतली. त्यांच्या स्वतःच्या मुठींवर एकही उंचवटा धड उरला नव्हता. टोक हातात घेऊन, ठोशाची पट्टी अंगठ्यापासून बांधायच्या सवयीने, ते तिच्या अंगठ्याकडे गेले आणि थांबले.

"सुजेची मला येत नाही. बोटांकडून ना?"

"बोटांकडून. अर्ध्यावर अर्धा. ओढायची नाही, नुसती ठेवत जायची."

मास्तर नवख्यासारखे सावकाश बांधत गेले. मनगटापाशी चुणी पडली. तिने सांगितली. त्यांनी एक वेढा उलगडला आणि पुन्हा घेतला. कोपरापाशी पोचल्यावर टोक खोचलं आणि पट्टीखाली दोन बोटं घालून पाहिली.

"गेली. आता?"

"आता काही नाही. थोडा वेळ उंच धरायचं."

पुढच्या फेरीची घंटा वाजली. बॅगांवर ठोसे सुरू झाले. मास्तरांनी तिचं कोपर आपल्या गुडघ्यावर टेकवलं, हात वर धरला आणि तसेच बसून राहिले.