पक्की बैठक

शनिवारी दुपारी चार वाजल्यापासून सुकन्या हलली नव्हती.

चाकूरच्या आपल्या खत-बियाणांच्या दुकानात बसून शेषेराव ते मोबाईलवर बघत होता. पोरगी लातूरला, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला. तिथल्या ढीगभर अभ्यासिकांतून त्यानं हीच निवडली, कारण हिचा कॅमेरा घरबसल्या बघता येई. कॅमेरा मागच्या भिंतीवर होता. त्यात सुकन्याची निळी ओढणी, पाठ आणि पुस्तकावर झुकलेली मान दिसे. तेवढं त्याला पुरे होतं.

महिन्यापूर्वी तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबतेय. दर अर्ध्या तासाला उठायचं, मान वर, खांदे मागे, रोज व्यायाम आणि चालणं. हयगय केली तर हातातली ताकद जाईल. शेषेरावनं तिथं मान डोलावली होती. पण खुर्ची रिकामी दिसली की तो लगेच अभ्यासिका चालवणाऱ्या रेवणसिद्धला फोन लावी. "पोरगी उठून कुठं चालली? परीक्षा काय उभ्यानं द्यायची हाय का?" रेवणसिद्ध निरोप देई. ती येऊन बसे.

गेल्या आठवड्यापासून ते उठणं बंद झालं. शेषेराव गिऱ्हाइकांना मोबाईल दाखवू लागला. "बघा, याला म्हणतात बैठक. बूड हालत न्हाई."

सव्वापाचला चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, सिंधूनं पडदा बघितला आणि कप तसाच हातात धरून राहिली.

"आवं, मघाशीबी अशीच होती. पान तरी उलटलं का तिनं?"

"अभ्यास करायलीय ती. नजर लावू नको."

"मी काय परकी हाय? माझी पोरगी हाय ती. घोटभर पाण्याला तरी उठली असती."

शेषेरावनं परत पडदा बघितला. या वेळी त्याला बैठक दिसली नाही, मान दिसली. सुकन्याचा मोबाईल अभ्यासिकेत जमा असे. त्यानं रेवणसिद्धला फोन करून विचारलं.

"बसलीय की काका," रेवणसिद्ध हसला. "अशा चार पोरी असत्या तर माझ्या अभ्यासिकेचं नाव झालं असतं."

तरी त्याला चैन पडेना. सिंधूला गल्ल्यावर बसवून त्यानं मोटारसायकल काढली. आष्टामोडला थांबून बघितलं. मान तशीच. लातुरात शिरताना सिग्नलला बघितलं. तशीच. मागच्या टेम्पोवाल्यानं शिवी हासडली, तेव्हा तो भानावर आला.

अभ्यासिकेच्या बोळात समोरून एक पोरगी येत होती. मान ताठ, खांदे मोकळे, हात झुलवत, लांब ढांगा टाकत. पोलीस भरतीवाली दिसते, असं वाटून त्यानं तिला वाट द्यायला गाडी कडेला घेतली.

"पप्पा?"

आवाज सुकन्याचा होता. एवढी उंच ती कधी झाली, त्याला कळेना.

"तू इथं? मग ती कोण बसलीय?"

सुकन्याचा चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही. "महामाया. माझ्या खोलीतली. चारला मी व्यायामाला जाते, तिथून चालत येते. तवर माझी ओढणी घेऊन ती बसते. तिची आई नर्स हाय, कॅमेरा बघायला सवड न्हाई तिला." तिनं श्वास घेतला. "हात बरा हाय आता. पेन सुटत न्हाई. मी हे बंद करणार न्हाई पप्पा."

शेषेराव चिडला नाही. तो मोबाईल काढत होता.

"ती चारपासून हालली न्हाई बाळा."

"मीच सांगितलंय तसं. उठलं की तुमचा फोन येतो ना."

"पानबी उलटलं न्हाई तिनं."

दोघांनी पडद्यावर बघितलं. निळी ओढणी, पाठ, मान. सुकन्या जिन्याकडे धावली. शेषेरावनं फोन लावला.

"माझ्या पोरीच्या खुर्चीवर जी बसलीय, तिला उठवा."

"का काका? बसू द्या की, आत्ता कुठं रंगलीय..."

"आधी उठवा तिला!"

गाडी तशीच सोडून तोही निघाला. दोन पायऱ्या चढून त्यानं परत पडदा बघितला. रेवणसिद्ध खुर्चीपाशी आला होता. त्यानं टेबलावर टकटक केली. थांबला. परत केली. मग वाकून चेहऱ्याकडे बघितलं. मागून सुकन्या धावत आत शिरताना दिसली. आजूबाजूच्या पोरी एकेक करून उठू लागल्या.

मान अजून वर आली नव्हती.