सुई-दोरा

केनियात, किटालेतल्या आमच्या मिशनघरात बाबांनी गोंद कधीच येऊ दिला नाही. रस्त्यावरून आणलेली मुलं तो नशेसाठी हुंगायची, म्हणून ते आमचे बूट, पुस्तकं, पतंगसुद्धा दोऱ्याने शिवायचे. आज त्यांच्या शवपेटीचं झाकण काढलं आणि तोच वास आला. सुताराने आतलं अस्तर गोंदाने चिकटवलं होतं. “अशी पेटी मंत्र्यालाही मिळत नाही,” तो म्हणाला. मुलं रांगेने निरोप घेत होती. सिमियू वाकला तो उठेचना. “रडतोय बिचारा,” कुणीतरी म्हणालं. मला त्याच्या फुललेल्या नाकपुड्या दिसत होत्या. व्यसन सुटून जेमतेम महिना झाला होता. मी त्याचा दंड धरला. “ओढ ना ताई,” तो पुटपुटला, “माझ्याने होत नाही.” आईने ऐकलं. ती बाबांची चादर घेऊन आली. “पेटी परत न्या. यांना चादरीत शिवू. सिमियू, सुई आण. तुझा टाका यांना आवडायचा.”