दहापैकी सहा

"दुखणं दहापैकी किती, सर?"

"सहा."

सिस्टरांनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्याउभ्याच तक्त्यावर सहा लिहिला. कालपासूनचे सगळे सहाच होते, एकाखाली एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. सिस्टरांचा तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत त्यात कुणाला खाडाखोड सापडली नव्हती, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. का नसावा?

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. परवा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सहापर्यंत गोळी, सात किंवा वर गेलं तर इंजेक्शन, असं डॉक्टर लिहून गेले होते. सर सहावर जे बसले होते ते हलायचं नाव घेत नव्हते. म्हणून गोळीच चालू होती.

सिस्टरांना काही दिसत नव्हतं असं नाही. उशाशी ठेवलेलं पुस्तक कालपासून त्याच पानावर उघडं होतं. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत गेलं होतं. चादरीचं टोक सरांच्या मुठीत होतं आणि ती मूठ काही सुटत नव्हती. पण कागद सहा म्हणत होता, आणि सिस्टरांचा भरवसा कागदावर.

दहाच्या सुमाराला सरांची मुलगी आली. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि सिस्टरांना दाराशी गाठलं.

"सिस्टर, बाबांना फार दुखतंय का हो?"

"दर चार तासांनी विचारतो ना आम्ही. दहापैकी सहा सांगतात."

मुलगी आधी हसली, आणि हसताहसताच तिचे डोळे भरून आले.

"अहो, त्यांनी जन्मात कुणाला सहाच्या वर मार्क दिलेले नाहीत! मार्क म्हटलं की हात आखडतो त्यांचा. मी त्यांच्याच वर्गात होते. पोटची पोरगी, पण वर्षभर पाच. एकदाच सहा मिळाले, तेव्हा आईने ती वही शेजारपाजारी नेऊन दाखवली होती."

सिस्टरांच्या डोळ्यांपुढे तक्त्यावरचे सगळे सहा आले. दोन दिवस. दर चार तासांनी. स्वच्छ अक्षरात.

"मग तुम्हीच लिहा ना सात," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"त्यांनी न सांगितलेला आकडा मला लिहिता येत नाही, ताई. आज त्यांच्या भल्यासाठी लिहीन, उद्या माझ्या सोयीसाठी. पण नीट विचारता तर येईल."

त्यांनी पलंगाखालचं स्टूल ओढलं. ते नातेवाइकांचं स्टूल. सिस्टर आजवर त्यावर कधी टेकल्या नव्हत्या. बसायला वेळ होता कुणाला? त्यांनी पेन खिशात घातलं आणि सरांच्या डोळ्यांशी डोळे येतील अशा बेताने बसल्या.

"सर, तुम्ही दहापैकी दहा कधी देता?"

सरांनी डोळे पूर्ण उघडले. प्रश्न त्यांच्या विषयातला होता.

"कधीच नाही. दहा दिले की शिकवायला काय उरलं?"

"बरं, नऊ?"

"पुस्तक लिहिणाऱ्याला."

"आठ?"

"मला. तेही चांगल्या दिवशी."

"आणि सहा?"

सर थांबले. "सहा म्हणजे वर्गात पहिला. त्याच्या वरचा पेपर माझ्या हाती आलेला नाही."

"म्हणजे याहून जास्त दुखलेलं तुम्हाला आठवत नाही?"

सरांनी मुलीकडे पाहिलं. ती खिडकीकडे वळली होती. मग ते इतक्या हळू बोलले की सिस्टरांना पुढे वाकावं लागलं.

"नाही आठवत. सहन होत नाही हो. काल रात्रभर पाढे म्हणत होतो. एकोणतिसापर्यंत गेलो."

'मग बोलला का नाहीत?' हे सिस्टरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. बोलले तर होते ते, दर चार तासांनी.

"सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग पेन काढून त्यांनी सरांच्याच शब्दांत लिहिलं: सहा. याहून जास्त कधी दुखलेलं नाही. सहन होत नाही. आणि डॉक्टरांना फोन लावून ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

"इंजेक्शन द्या लगेच," डॉक्टर म्हणाले. "मी पाय बघायला येतोच."

तासाभराने सिस्टर पुन्हा आल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. डॉक्टर पाय तपासून, सगळं ठीक आहे असं सांगून गेले होते. सरांची मूठ सुटली होती आणि चादरीवर नुसत्या चुण्या राहिल्या होत्या.

"आता किती, सर?"

"दोन."

"तुमचे दोन की आमचे?"

सर हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "माझे. पण चालतील." मग त्यांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि सिस्टरांकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला सात देणार होतो."

मुलीने आ वासला.

"एक कापला," सर म्हणाले. "हे काल विचारायला हवं होतं."

"बरोबर कापलात, सर."

सिस्टर उठल्या. त्यांनी ते स्टूल उचललं आणि पुढच्या पलंगाशी गेल्या.