उखानी आंडेर

माईक हातात घेतला आणि ममताला समोर सतरंजीवर तिचे वडील, उखाआबा, दिसले.

ते येणार नाहीत असं ती धरून चालली होती. कापूसवेचणी सोडून ते सभेला कशाला येतील? पण टोपी सरळ करून, एक गुडघा उभा धरून, ते गावातल्या कापूसवाल्यांच्या मधोमध बसले होते.

कळसाडीच्या पारासमोरचा मांडव सूतगिरण्या आणि कापड कारखानेवाल्यांचा होता. अमेरिकेनं आपल्या कपड्यावर भलामोठा कर बसवला, ऑर्डरी थांबल्या. तेव्हा कारखान्यांना माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारनं परदेशी कापसावरचा आयात कर काढून टाकला. तो पुन्हा लावायची मागणी शेतकऱ्यांनी सोडावी, हे समजावायला मंडळी गाड्या घेऊन आली होती. सगळ्यांत पुढे मयंकशेठ. नंदुरबारला ममता ज्या कारखान्यात चादरी शिवायची, त्याचे तरुण मालक. गावचीच लेक बोलली तर गाव ऐकेल, ही त्यांची कल्पना.

"दोनच वाक्यं, ताई," ते गाडीत म्हणाले होते. "खोटं काहीच सांगायचं नाहीये."

खोटं नव्हतंच. खोटं असतं तर ती सरळ नाही म्हणाली असती.

"आमचा कारखाना बंद पडला होता," ती बोलू लागली. "आम्ही सगळ्या बाया घरी बसलो. बाहेरचा कापूस आला, सूत स्वस्त झालं, तेव्हा कुठे मशिनी परत सुरू झाल्या..."

"आनि आमना कापूस कोन लेई?" मागून गावातला मगन ओरडला. "उखानी आंडेर शे ना ही? बापना कापूसवर मोठी व्हयनी, आनि आते बापलेच बुडावाले ऊनी!"

उखाची लेक बापालाच बुडवायला आली, म्हणून सगळा मांडव हसला. "बस, बस खाली!" कोणीतरी म्हणालं. ममतानं माईक खाली घेतला. हसणाऱ्यांत तिला लहानपणी कडेवर घेणारे लोक होते.

"बोला ताई, थांबू नका," मयंकशेठ मागून कुजबुजले.

आबा उठले. ते निघालेच, असं तिला वाटलं. पण ते मगनकडे वळले.

"मन्ही आंडेर बोली ऱ्हायनी. तिले बोलू द्या."

"आबा, ती तुन्हाच विरुद्ध..."

"माले ऐकू येस. बोलू द्या."

आणि ते होते तिथेच पुन्हा बसले. आता हसायला कोणी तयार नव्हतं. ममतानं राहिलेलं वाक्य आबांकडे बघूनच म्हटलं. "परदेशी कापसावर कर परत लावायची मागणी सोडा." आबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मान खाली घातली नाही, की हलवली नाही.

टाळ्या फक्त स्टेजवर वाजल्या. मयंकशेठ मात्र हरखून खाली उतरले, आबांचा हात धरून त्यांना वर घेऊन आले. कोणीतरी शाल आणली. ती आबांच्या खांद्यावर पडली सुद्धा.

"कापूस पिकवणारा बाप, कापड शिवणारी लेक!" शेठ माईकवर म्हणाले. "दोघं एका स्टेजवर! उखाआबांचाही आपल्याला पाठिंबा आहे, मंडळी!"

फोटोवाला पुढे सरसावला. "बाबा, हात ताईंच्या खांद्यावर ठेवा. ताई, जरा हसा ना."

परक्या घरात पाहुण्यानं अवघडून उभं राहावं तसे आबा उभे होते. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला त्यांचा हात हळूहळू वर आला. कोणी सांगितलं म्हणून आबा तिच्या खांद्यावर हात ठेवत होते. जन्मात पहिल्यांदा.

"थांबा," ममता म्हणाली.

"एकच फोटो, ताई."

"पाठिंबा कोणी दिला? त्यांना विचारलंत तुम्ही?"

"अहो, त्यांनी तुम्हाला बोलू दिलं म्हणजे..."

"बोलू दिलं. हो म्हटलं नाही." तिचा आवाज चढला. माईक चालूच होता. "मी माझं सांगितलं. ते माझ्या पोटाचं होतं, लाजत नाही मी. पण ह्यांचं तोंड तुम्ही वापरू नका. भाव पडला म्हणून ह्यांचा कापूस घरात पडून आहे आणि तुम्ही ह्यांनाच शाल पांघरता?"

तिनं आबांच्या खांद्यावरची शाल काढली, घडी न घालताच खुर्चीवर टाकली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

मयंकशेठ जवळ आले. हसू तसंच होतं, आवाज तेवढा उतरला होता. "ममताताई, उद्या कामावर यायचंय ना?"

"येते ना. कामाला मी येते, शेठ. आबा येत नाहीत."

परत जाणाऱ्या गाडीत बसायला तिला कोणी बोलावलं नाही. आबांनीच मोटारसायकल काढली. शहाद्याच्या एसटी स्टँडवर सोडतो, एवढंच म्हणाले.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटून लोंबत होता. बऱ्याच वेळानं, मान न वळवता, त्यांनी विचारलं,

"तू सांगं ते तुले खरंच वाटस? कर नको?"

खोटं बोलून हा रस्ता सोपा करता आला असता.

"हा, आबा. खरंच वाटस."

आबांनी करकचून ब्रेक मारला. गाडी कडेला घेतली. "उतर," म्हणाले. ममता उतरली. आबांनी गाडी उभी केली, टोपी काढून हँडलला अडकवली आणि बांधावर बसून शेजारची जागा हातानं झटकली.

"गाडीवर भांडता येत नही," ते म्हणाले. "बस आठे. आते सांग, कसाले नको?"