अंजनवेलची गाडी

गाडीनं चिपळूण डेपो सोडला आणि हरिश्चंद्रचा डावा पाय क्लच दाबायला आपोआप पुढे झाला. पायाखाली नुसता पत्रा होता. त्यानं हळूच पाय मागं घेतला. शेजारी खिडकीत बसलेल्या विमलानं ते पाहिलं.

चिपळूण-अंजनवेल या रस्त्यावर एसटी चालवण्यात हरिश्चंद्रची सगळी नोकरी गेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो निवृत्त झाला. मुलं मुंबईला. सावर्ड्याच्या घरात आता दोघंच, आणि इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांशी दिवसभर बोलायची सवयच लागली नव्हती. तो अंगणात बसून राही. ती कामं करत राही.

लग्न नवं असताना विमला एकदा म्हणाली होती, "मला न्या की एकदा तुमच्या गाडीतून." तो म्हणाला होता, "ड्युटी असते ती. सहल नाय." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पुढे मुलं झाली, सासूचं दुखणं आलं, शेत होतंच. आता रिकामं बसल्यावर हरिश्चंद्रला ते स्वतःचं बोलणं सारखं आठवायला लागलं. परवा सकाळी तो एकदम म्हणाला, "चल, तुला माझा रस्ता दाखवतो."

म्हणून ती नवं लुगडं नेसून खिडकीत बसली होती, आणि तो तिला रस्ता दाखवत होता.

"ही मोरी दर पावसात खचते. इथं दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. आणि हे पुढचं वळण फसवं आहे हां, समोरचा ट्रक अगदी अंगावर आल्यावर दिसतो."

विमला मान हलवत होती. थोड्या वेळानं त्याच्याजवळचं सांगण्यासारखं संपलं. चढ, उतार, वळणं, खड्डे. डांबर जिथं संपतं तिथं त्याची माहितीही संपत होती. हे त्याच्या आत्ताच लक्षात आलं आणि तो जरा ओशाळला. मग तोही बाहेर बघायला लागला. भात कापून झालेलं होतं. खळ्यांजवळ पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. चिऱ्यांच्या गडग्यावर कुणी गोधड्या वाळत टाकल्या होत्या. एका पडवीत एक बाई नातीची वेणी घालत होती, आणि नात पुस्तक नाकाशी धरून वाचत होती. परक्या मुलखात आल्यासारखं त्याला वाटलं.

"ह्यांचा ओटा आधी सारवलेला होता," विमला त्याच घराकडे बघत म्हणाली. "आता लाद्या बसवल्यानी."

"तुला काय ठाऊक?"

"नव्या दिसतायत की."

मार्गताम्हाणे मागं पडलं. एका जांभळीपाशी ती पुन्हा बोलली. "इथं एक म्हातारा बसायचा. येईल त्या गाडीला हात करायचा. गाडी थांबली की म्हणायचा, जावा तुम्ही, मला नाय यायचं."

हरिश्चंद्रला हसू आलं. म्हातारा त्याला चांगला आठवत होता. त्याच्यापायी किती वेळा ब्रेक मारले होते, किती शिव्या घातल्या होत्या. पण हे घरी कधी सांगितलं आपण? घरी आलं की जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच तर होतं. सांगितलं असेल केव्हातरी, असं म्हणून त्यानं तो विचार सोडून दिला.

शृंगारतळीला अर्धी गाडी रिकामी झाली. रस्ता उतरायला लागला. विमला सरसावून बसली आणि तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आता बघा हां. माझ्या खिडकीतून बघा."

खिडकीबाहेर तेव्हा फक्त काजूची झाडं होती. मग गाडी वळली. दोन माडांच्या मधून खाडीचं पाणी लखकन चमकलं, त्यावर एक होडी, आणि लगेच सगळं झाडीआड गेलं.

"होडी नेहमी नसते," ती म्हणाली.

हरिश्चंद्र बघतच राहिला. या वळणावर त्यानं आयुष्यभर गाडी घातली होती. नजर रस्त्यावरून काढता येत नसे, म्हणून ते पाणी त्याला कधी दिसलं नव्हतं. आणि हिनं तर गाडी वळायच्या आधीच सांगितलं.

"विमल, तू ह्या रस्त्यानं आधी आलेली आहेस."

"आलेय की."

"कधी?"

"मुलं शाळेत गेली की. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. चिपळूणला बाजाराला जाते म्हणून घरात सांगायचे." ती बाहेरच बघत होती. "तुमच्या दादू कंडक्टरला ठाऊक होतं. त्याला शपथ घातली होती मी."

"माझ्या गाडीत बसून?"

"मग काय दुसऱ्या कुणाच्या? डोक्यावरनं पदर घेऊन बसायचे, तुमच्या मागं तिसऱ्या बाकावर."

"आणि अंजनवेलला काय करायचीस?"

"काय नाय. तुम्ही चहाला उतरायचात. मी बसून राहायचे. त्याच गाडीनं मागं."

"म्हणजे तिथला किल्ला नाय बघितलास? समुद्र नाय बघितलास?"

"नाय."

"अगं, मग एवढ्या लांब यायचीस तरी कशाला?"

गाडीचा वेग कमी झाला. पुढची माणसं पिशव्या गोळा करायला लागली. विमलानं खिडकीतून तोंड आत वळवलं.

"घरातनं तुम्ही जायचात काळोखात, यायचात काळोखात," ती म्हणाली. "गाडीत निदान तुमची पाठ तरी दिसायची."