डावा बाण

“सरकव डावीकडे,” सासरे म्हणाले. सुनेने कीबोर्डवरचा डावा बाण लागोपाठ दोनदा दाबला. मोटर गुरगुरली, पण यंत्राचा लोखंडी गाडा सरकला तो उजवीकडे. तिथे कडेची पट्टी होती आणि मधल्या फटीत सासऱ्यांचं बोट. बोटभर जागा राहते का, हे ते बोट घालूनच बघत होते.

“आई गं! अगं, उजवं काय दाबतेस? डावं दाब, डावं!”

तिने खाली पाहिलं. तिचं बोट डाव्याच बाणावर होतं. तरी क्षणभर तिला स्वतःचीच खात्री वाटेना. सासरे जुने वायरमन. वायरींच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर जायची घरात कुणाची छाती नव्हती. लाकूड कोरायचं हे यंत्र त्यांनी हौसेने उभं केलेलं. कॉम्प्युटरपासून मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या डबीपर्यंत आणि डबीपासून मोटरपर्यंत एकूणएक वायर त्यांनीच जोडलेली. तिच्याकडे फक्त कळा दाबायचं काम.

घाबरून तिने स्विचकडे हात नेला.

“बंद करू नकोस! बंद केलंस तरी गाडा ओढणारा स्क्रू जागचा हलायचा नाही, बोट अडकलेलंच राहील.” त्यांच्या बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं.

“बाबा, मी डावंच दाबलं होतं. मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात.”

“माझ्या वायरी? चाळीस वर्षं काय गवत उपटलं मी? डावं दाब!”

एका टिचकीला एक मिलिमीटर. आणखी एक चुकीची टिचकी, की हाड गेलंच. त्यांचं ऐकून बोट तुटलं, तर तिला कुणी बोल लावणार नव्हतं. न ऐकता तुटलं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

तिने उजवा बाण दाबला.

“अगं नको—”

गाडा डावीकडे सरकला. बोट सुटलं. नख काळंनिळं झालं होतं, पण बोट वाकत होतं. ते पाहून तिला रडूच फुटलं.

सासरे पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून बसले. मग उठून त्यांनी मेन स्विच बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

“लाल आणि निळी. अदलाबदल कर.”

तिने वायरी बदलल्या, स्क्रू आवळले, स्विच चालू केला. कीबोर्डपाशी येऊन बसली आणि मान वर न करताच म्हणाली,

“बाबा, हात.”

सासऱ्यांनी निमूटपणे दोन्ही हात पाठीमागे बांधले.