सातवी अट

पालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयातच औषधांचं दुकान उघडावं, म्हणून ह्यांनी तीन वर्षं साहेबांचे उंबरे झिजवले. दुकान उघडलं आणि महिन्याभरात हेच अंथरुणाला खिळले. आज सकाळी हृदयाची शेवटची गोळी दिली, देवाला हात जोडले आणि ह्यांचं ओळखपत्र घेऊन मी ते दुकान गाठलं. बाहेर कुठेच न मिळालेलं पाकीट इथे काचेमागे समोरच दिसत होतं.

"वहिनी, नुसतं कार्ड चालत नाही," दुकानातला माणूस म्हणाला. "आज ज्याची हजेरी लागलीय, त्यालाच औषध."

"अहो भाऊ, हजेरी लावण्याइतके बरे असते, तर मी कशाला आले असते?"

"कळतंय हो मला. पण सातवी अट आहे. मोडली तर माझी नोकरी जाईल."

"अशी अट घातली तरी कुणी? त्याच्या घरी कुणी आजारी पडत नाही वाटतं?"

त्याने मान खाली घातली आणि भिंतीवरच्या नियमांच्या कागदाकडे बोट दाखवलं.

 

खाली सही ह्यांची होती. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर असायची तशीच, शेवटी दोन टिंबं दिलेली.